८८एम की २५बी? रिझर्व्हमधले एमओएस आणि तैनातीचे गणित

प्रश्न थोडक्यात असा. वय २६, हातात ग्रीन कार्ड, गोदामाच्या मालनियोजनाची नोकरी, लग्नाला एक वर्ष. अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे सैन्याच्या राखीव दलात, भरती व्हायचे नक्की झाले आहे; ठरायचा आहे तो एमओएस, म्हणजे सैन्यातल्या कामाचा कोड. रिक्रूटर म्हणतो ८८एम (ट्रक ड्रायव्हर) घ्या, ट्रकवाल्यांना हमखास बाहेर जायला मिळते. ओळखीचा एकजण म्हणतो २५बी घ्या, संगणकाचे काम आहे, पुढे नोकरीतही उपयोगी पडेल. आणि प्रश्नकर्त्याला मुख्यतः हवे आहे ते हे: "मूल होण्याआधी एकदा तरी डिप्लॉयमेंटची (तैनातीची) संधी हवी आहे. कोणता एमओएस घेतला तर सगळ्यांत लवकर नंबर लागेल?"

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कोणाचे ऐकताय ते कळेल. मी २२ वर्षे रिझर्व्हमध्ये काढली. सुरुवात ८८एम म्हणूनच, म्हणजे ट्रक ड्रायव्हर. नंतर ८८एन झालो, वाहतुकीचे नियोजन. शेवटची काही वर्षे बटालियनच्या ऑफिसात पूर्णवेळ होतो आणि माझे काम होते याद्या भरणे. तुकडी निघायची ठरली की कोणत्या जागेवर कोण आहे, त्यातला कोण जाऊ शकत नाही, आणि त्याच्या जागी कुठून माणूस आणायचा. स्वतः दोनदा गेलो. एकदा बोलावले म्हणून, एकदा मीच हात वर केला म्हणून. या दोन्ही जाण्यांत फरक आहे, त्यावर पुढे येतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: एमओएस माणसाला बाहेर पाठवतो. रिझर्व्हमध्ये तसे होत नाही. बोलावणे येते तुकडीला. पेंटागॉनला "शंभर ट्रक ड्रायव्हर" नको असतात, त्यांना एक अख्खी ट्रान्स्पोर्टेशन कंपनी हवी असते, तिच्या मेकॅनिक, क्लार्क, स्वयंपाकी आणि कमांडरसकट. तुमचा एमओएस काय ठरवतो? तुम्ही कोणत्या तुकड्यांत बसू शकता, आणि दुसऱ्या एखाद्या तुकडीत खड्डा पडला तर तो भरायला तुम्ही चालता का. एवढेच. पण हे "एवढेच" बरेच मोठे आहे.

एक उदाहरण देतो. माझ्याबरोबर भरती झालेले दोघे, दोघेही ८८एम. एकाला घराजवळच्या ट्रक कंपनीत जागा मिळाली. तो सहा वर्षांत दोनदा जाऊन आला. दुसऱ्याला मिळालेली जागा प्रशिक्षण देणाऱ्या बटालियनमध्ये होती. तिथे तो अकरा वर्षे इतरांना ट्रक चालवायला शिकवत राहिला आणि एकदाही देशाबाहेर गेला नाही. एमओएस तोच, बिल्ला तोच, पगार तोच. फरक होता तुकडीच्या जातीत. सैन्याच्या कागदावर तुकड्या दोन प्रकारच्या असतात, एमटीओई आणि टीडीए. एमटीओई तुकडी युद्धभूमीवर जाण्यासाठीच उभी केलेली असते, तिची माणसे आणि सामान त्याच हिशेबाने ठरलेले असते. टीडीए म्हणजे देशातले काम सांभाळणारी: प्रशिक्षण, तळांची व्यवस्था, मुख्यालयांचा कारभार. टीडीएलाही बोलावतात, पण ते बहुधा देशातल्याच एखाद्या तळावर. ड्रिल सार्जंटांच्या तुकड्या अशाच, मोबिलाइझ झाल्या तरी फोर्ट जॅक्सनला जाऊन नव्या पोरांना कवायत शिकवतात. त्यामुळे रिक्रूटरला पहिला प्रश्न एमओएसचा विचारूच नका. "ही जागा एमटीओई तुकडीतली आहे की टीडीए?" हे विचारा. तो जरा चपापेल. नवीन माणूस हे विचारत नाही.

आता रिझर्व्हमध्ये ट्रक, इंधन, पाणी, इस्पितळे यांचीच गर्दी का, हे थोडे समजून घ्या, म्हणजे पुढचे पटेल. आर्मी रिझर्व्हची सुरुवातच मुळी हुन्नर असलेल्या माणसांपासून झाली. २३ एप्रिल १९०८ ला काँग्रेसने मंजुरी दिली ती डॉक्टरांच्या राखीव दलाला. लढणारे शिपाई त्यात नव्हतेच. व्हिएतनामनंतर जनरल क्रेटन अब्राम्स सेनाप्रमुख असताना सैन्याची फेररचना झाली, आणि पुरवठा, वाहतूक, वैद्यकीय अशी आधाराची कामे मोठ्या प्रमाणावर राखीव दलांकडे गेली. राखीव माणसांना हाक मारल्याशिवाय मोठे युद्ध लढताच येऊ नये, असा त्यामागचा हेतू होता असे बरेच जण मानतात. हेतू काहीही असो, परिणाम आजही दिसतो. इन्फंट्री, रणगाडे, तोफा हव्या असतील तर नॅशनल गार्डकडे, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्याकडे, जावे लागते. आर्मी रिझर्व्हमध्ये इन्फंट्रीची एकच बटालियन उरली आहे, ४४२व्या रेजिमेंटची १००वी, आणि तिचे मुख्यालय हवाईत. म्हणजे कोणी म्हणाले की "मला रिझर्व्हमध्ये ११बी (इन्फंट्रीचा शिपाई) व्हायचे आहे", तर त्याला मी आधी विचारतो, राहता कुठे?

हा "राहता कुठे" प्रश्न तुम्हालाही लागू आहे. रिझर्व्हची भरती ठरावीक तुकडीतल्या ठरावीक रिकाम्या जागेवर होते. रिक्रूटरच्या पडद्यावर तुमच्या घरापासून साधारण ५० मैलांतल्या रिकाम्या जागा दिसतात. तो ८८एमचे गुण गातो आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की त्याच्या पडद्यावर आज ८८एमच्या जागा आहेत. त्यात त्याची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. दुकानात जे आहे ते तो दाखवतो. पण "हमखास" हा शब्द त्याने वापरला असेल तर तो त्याच्या खिशातला नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. २००१ नंतरच्या गर्दीत राखीव तुकड्या इतक्या वापरल्या गेल्या की माणसे मेटाकुटीला आली. माझे पहिले जाणे त्याच काळातले. वर्षभर प्रत्यक्ष तिकडे, आणि प्रशिक्षणाचे महिने त्यावर वेगळे. घरी परतलो तेव्हा मुलगी मला "अहो" म्हणाली, म्हणजे पाहुण्याला म्हणतात तसे. जानेवारी २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी नियम बदलला: सक्तीने बोलावल्यास एका वेळी जास्तीत जास्त १२ महिने, प्रशिक्षण धरून, आणि एक वर्ष कामावर तर पाच वर्षे घरी हे उद्दिष्ट. त्याच सुमारास तुकड्यांना सुमारे पाच वर्षांच्या चक्रात बसवायला सुरुवात झाली. चक्राचे नाव दर काही वर्षांनी बदलते, माझ्याच कारकिर्दीत तीन नावे झाली, पण कल्पना तीच राहिली. परत आलेली तुकडी विश्रांती घेते, मग सराव वाढत जातो, आणि शेवटच्या वर्षी ती "उपलब्ध" असते. त्या वर्षी गरज निघाली तर जाते, नाही निघाली तर चक्र पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दुसरा प्रश्न: तुकडी चक्राच्या कुठल्या वर्षात आहे, आणि तिला नोटिफिकेशन ऑफ सोर्सिंग आले आहे का? हा कागद आला म्हणजे कोणत्या कामासाठी, कधीच्या सुमारास बोलावणार हे तुकडीला आगाऊ कळते. पण इथे नवख्या माणसाची एक गंमत होते. तुकडी सहा महिन्यांनी निघणार हे ऐकून तो खूश होतो आणि सही करतो. मग बेसिकला, म्हणजे सुरुवातीच्या मूलभूत प्रशिक्षणाला, पाठवण्याची तारीख लागते तीन महिन्यांनंतरची. बेसिक दहा आठवडे, त्यापुढे एमओएसचे प्रशिक्षण. ८८एमचे फोर्ट लिओनार्ड वुडला सातेक आठवडे, पण ६८डब्ल्यूचे, म्हणजे मेडिकचे, फोर्ट सॅम ह्यूस्टनला सुमारे सोळा. तो एमओएस शिकून परत येतो तेव्हा तुकडीचे विमान गेलेले असते. प्रशिक्षण पूर्ण नसलेल्या माणसाला परदेशी पाठवायला कायद्यानेच बंदी आहे. मग तो रिकाम्या ड्रिल हॉलमध्ये मागे राहिलेल्या चार जणांबरोबर महिन्यातून एक शनिवार-रविवार सामान मोजत बसतो. तुमच्या बाबतीत नुकतीच परत आलेली तुकडीही वाईट आणि लगेच निघणारीही वाईट. दीड ते तीन वर्षांनी उपलब्ध होणारी तुकडी सगळ्यांत बरी.

आता खड्डे भरण्याकडे येतो, कारण एमओएसचे खरे वजन इथे कळते.

कागदावर दीडशे जागांची कंपनी असते. प्रत्यक्षात निघायची वेळ येते तेव्हा त्यातली काही पदे रिकामी असतात, काही माणसांचे प्रशिक्षण अपुरे असते, काहींचे गुडघे गेलेले असतात, कोणी बाळंतपणात असते, कोणाची मुदत संपत आलेली असते. मी यादी घेऊन बसलो की पहिल्या दिवशी तीसचाळीस नावांवर काट बसायची. मग शेजारच्या बटालियनकडून, दुसऱ्या राज्यातून माणसे आणायची. याला क्रॉस-लेव्हल म्हणतात. इथे मात्र एमओएस तंतोतंत आणि हुद्दा जवळपास जुळावा लागतो. जागा ८८एम, सार्जंटची असेल तर ८८एम असलेला सार्जंटच हवा, किंवा त्याच्या एक पायरी खालचा. ज्या एमओएसच्या जागा भरपूर आणि सगळीकडे आहेत, ट्रक, पुरवठा, इंधन, मेकॅनिक, मेडिक, त्यांना क्रॉस-लेव्हल होण्याची शक्यता जास्त. हात वर करणारा असेल तर आमच्यासारख्या यादीवाल्याला तो देवासारखा वाटतो. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो असाच, दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी कंपनीत उचलून नेलेला. त्याची किंमत सांगतो: ती माणसे एकमेकांना दहा वर्षे ओळखत होती आणि मी पहिले दोन महिने "तो नवीन" होतो. घरच्यांसाठीही कठीण. तुकडीच्या कुटुंबांचा जो गट असतो तो तीनशे मैलांवर होता, माझ्या बायकोला तिथे कोणी ओळखत नव्हते.

तिसरा मार्ग स्वेच्छेचा. सैन्याचे एक पोर्टल आहे, टूर ऑफ ड्यूटी, तिथे एकेकट्या जागा लागतात. कुवेतमधल्या मुख्यालयात अमुक महिने, जिबूतीत तमुक. माझे दुसरे जाणे असेच झाले. काही जागांवर "कोणताही एमओएस चालेल" असेही असते. पण या जागा पाहिल्यात तर लक्षात येईल की बहुतेक सार्जंटच्या वर किंवा कॅप्टन-मेजरसाठी असतात. एखादा स्पेशालिस्ट (सार्जंटच्या खालचा हुद्दा) आणि तोही पहिल्या कॉन्ट्रॅक्टमधला असेल तर त्याच्यासाठी हा दरवाजा फारसा उघडा नसतो. तुम्ही पाचसहा वर्षांनी याकडे या.

या तिन्ही मार्गांवर ऑर्डरवरचे कलम वेगळे असते आणि ते वाचायची सवय लावा. टायटल १० (सैन्यदलांचा केंद्रीय कायदा) मधले १२३०१(डी) म्हणजे तुमच्या संमतीने. १२३०२ म्हणजे राष्ट्रीय आणीबाणीतले सक्तीचे बोलावणे, कायद्याने २४ महिन्यांपर्यंत. १२३०४बी २०१२ च्या संरक्षण कायद्यातून आले. आधीच ठरलेल्या, बजेटमध्ये दाखवलेल्या कामांसाठी, जास्तीत जास्त ३६५ दिवस. अलीकडच्या काळातल्या बऱ्याच तैनात्या याच कलमाखाली होतात. दोन माणसे एकाच तंबूत झोपतात, एकच काम करतात, पण कलम वेगळे असल्याने पुढे त्यांच्या हक्कांत फरक पडू शकतो.

आता एमओएसनिहाय माझे निरीक्षण. सगळ्यांचे सांगत बसत नाही, तुमच्या कामाचे तेवढे.

ट्रक, इंधन (९२एफ), पाणी शुद्धीकरण (९२डब्ल्यू), बांधकामाची यंत्रे चालवणारे इंजिनिअर (१२एन): हे अख्ख्या तुकडीने जातात, आणि सक्रिय सैन्याला यांची गरज पडतेच. लढाई नसतानाही पडते, कारण तळ चालवायला इंधन-पाणी-रस्ते लागतात. तैनातीची शक्यता म्हणाल तर रिक्रूटरचे बोलणे इथे बऱ्यापैकी खरे आहे. एक अट: तिकडे जाऊन तुम्ही ट्रकच चालवाल याची खात्री नाही. आमच्या एका स्वयंपाक्याची (९२जी) गोष्ट सांगतो. तळावरचे जेवण कंत्राटदार बनवत होता, म्हणून या गृहस्थांनी नऊ महिने फाटकावर गाड्या तपासल्या. कांदा चिरायचीही वेळ आली नाही. घरी आल्यावर त्याची आई विचारते, तिकडे काय काय केलेस रे?

सिव्हिल अफेअर्स, ३८बी: स्थानिक प्रशासन, लोक, पाणीपुरवठा, शाळा यांच्याशी सैन्याचा दुवा. या कामाचा मोठा हिस्सा रिझर्व्हकडे आहे आणि चारचार जणांचे गट निरनिराळ्या देशांत जातात. शांततेच्या काळातही मागणी टिकून असते. तुमच्यासारख्या दोनतीन भाषा बोलणाऱ्या माणसाला हे काम शोभेल. पण थांबा, नागरिकत्वाचा मुद्दा खाली आहे.

वैद्यकीय: इस्पितळाच्या तुकडीत मेडिक, परिचारिका, तंत्रज्ञ एकत्र जातात. डॉक्टरांचे वेगळे. खासगी दवाखाना वर्षभर बंद ठेवला तर तो उरतच नाही, म्हणून इराक-अफगाणिस्तानच्या काळात राखीव डॉक्टरांना ९० दिवस प्रत्यक्ष तिकडे अशा पाळीने पाठवायचे. एकच इस्पितळ, पण सर्जन तीन महिन्यांनी बदलतोय आणि मेडिक मात्र तोच.

मनुष्यबळ, वकिलीचे साहाय्यक, धर्मगुरूंचे साहाय्यक अशी माणसे प्रत्येक मुख्यालयाला एकदोन लागतात. ती मुख्यालयाबरोबर जातात, संख्येने कमी, आणि यांचे खड्डे भरणे मला सर्वांत जड जायचे. मोटार पूलमध्ये दहा ड्रायव्हर मिळतील, पण योग्य हुद्द्याचा, फिट असलेला एक पॅरालीगल शोधायला तीन राज्यांत फोन करावे लागत. म्हणजे दुर्मीळ एमओएसवाल्याची शक्यता कमी असते असे नाही. ती लहरी असते. चार वर्षे काही नाही आणि मग एका गुरुवारी फोन.

२५बी मात्र याच गटात ढकलू नका. सिग्नलच्या स्वतःच्या तुकड्या आहेत, शिवाय प्रत्येक बटालियनच्या मुख्यालयात दोनचार जागा असतात. काम चांगले आहे, बाहेर नोकरीलाही उपयोगी. पण त्याला सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, लागतो आणि क्लिअरन्ससाठी नागरिक असावे लागते. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. म्हणजे आज तुमच्यासाठी २५बी, ३८बी, आणि ३५ने सुरू होणारे गुप्तवार्तेचे सगळे एमओएस बंद आहेत. तुमच्या ओळखीच्या माणसाला हे माहीत नसावे, आणि रिक्रूटरने ते सांगितले नसेल तर त्याने सांगायला हवे होते. अधिकारी होण्यासाठीही सहसा नागरिकत्व लागते. मार्ग आहे: ग्रीन कार्डधारक सैन्यात सेवा करत असेल तर युद्धकाळातील सेवेच्या तरतुदीखाली, जी जुलै २००२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सुरू झाली, नागरिकत्वाचा अर्ज नेहमीच्या पाच वर्षांची वाट न बघता करता येतो आणि सैनिकाला त्याची फी पडत नाही. नागरिक झालात की एमओएस बदलून घेता येतो. त्यामुळे आजची निवड जन्माची नाही.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत ती. "मागची कामे" म्हणून या एमओएसना सुरक्षित समजू नका, आणि घरी बायकोला तसे सांगूही नका. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदीतल्या धाहरानजवळ बराकीवर इराकचे स्कड क्षेपणास्त्र पडले. २८ जण गेले. त्यातले १३ पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गच्या १४व्या क्वार्टरमास्टर डिटॅचमेंटचे होते. आर्मी रिझर्व्हची ६९ जणांची तुकडी, काम पाणी शुद्ध करणे, सौदीत येऊन सहा दिवस झालेले. त्यांचे ४३ जण जखमी झाले. आणि हे जुन्या युद्धातले म्हणून सोडू नका. २८ जानेवारी २०२४ ला जॉर्डनमधल्या टॉवर २२ या तळावर ड्रोन येऊन पडला, त्यात जे तिघे गेले ते जॉर्जियातल्या रिझर्व्हच्या इंजिनिअर कंपनीचे होते. झोपेत. तुम्ही "संधी" हा शब्द वापरला आहे, मीही तुमच्या वयात वापरला होता. वापरा, पण वरच्या दोन तारखा माहीत असू द्या.

यादीवाल्याच्या अनुभवातून आणखी एक. माझ्या काळात एमओएसमुळे जितकी नावे कटली त्याहून जास्त दातांमुळे कटली. गंमत नाही. दंततपासणीत वर्ग ३ आला, म्हणजे वर्षभरात त्रास देऊ शकेल अशी दाढ आहे, की माणूस तैनातीच्या लायक धरत नाहीत. डॉक्टरी तपासणी शिळी झाली तरी तेच. चांगला, उत्साही, बरोबर एमओएसचा मुलगा, आणि माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे लाल चौकोन. ड्रिलच्या शनिवारी मोफत दंततपासणी असते तेव्हा हे लोक पार्किंगमध्ये सिगारेट ओढत उभे. दोन आठवड्यांत दुरुस्त करून आणतो म्हणतात, तोवर त्याच्या जागी दुसऱ्या बटालियनचा माणूस पक्का झालेला असतो.

नोकरीबद्दल थोडे, कारण तुमच्या पत्नीचा पहिला प्रश्न तोच असेल. युसेरा हा १९९४ चा कायदा तुमची जागा राखतो: मालकाला आगाऊ कळवायचे, एका मालकाकडची एकूण गैरहजेरी पाच वर्षांच्या आत (सक्तीच्या तैनात्या सहसा यात मोजत नाहीत), आणि १८० दिवसांपेक्षा जास्त सेवा झाली असेल तर परतल्यापासून ९० दिवसांत कामावर हजर होण्यासाठी अर्ज. कायदा नोकरी वाचवतो, बढती देणाऱ्याचे मन वाचवत नाही. माझ्या एका जुन्या साहेबाने मला परत घेतले आणि दोन वर्षे कोपऱ्यात बसवले. दुसरीकडे, ऑर्डर्स हातात आल्या की प्रत्यक्ष निघण्याच्या जास्तीत जास्त १८० दिवस आधीपासून कुटुंबाला ट्रायकेअर हा सैन्याचा आरोग्यविमा मिळू शकतो. मूल होण्याचा विचार असलेल्या घरात ही छोटी गोष्ट नाही. ९/११ नंतरच्या जीआय बिलाचे (सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या कायद्याचे) फायदे एकूण ९० दिवसांच्या सक्रिय सेवेपासून सुरू होतात आणि ३६ महिन्यांना पूर्ण होतात. सुरुवातीचे प्रशिक्षण त्या ९० दिवसांत धरत नाहीत, त्यामुळे एका तैनातीने बराच फरक पडतो.

तुमच्या जागी मी असतो तर काय केले असते? आधी ५० मैलांतल्या तुकड्यांची यादी मागितली असती, फक्त एमटीओई. त्यातल्या दोनतीन तुकड्यांच्या ड्रिलच्या दिवशी रिक्रूटरला बाजूला ठेवून स्वतः गेलो असतो आणि रेडिनेसचे, म्हणजे तुकडीच्या तयारीचे, काम बघणाऱ्या सार्जंटला चहा-कॉफी पाजून विचारले असते: मागच्या वेळी कधी गेलात, पुढचे उपलब्ध वर्ष कोणते, आणि तेव्हा माणसे कुठून आणणार? मग ज्या तुकडीचे वर्ष दीड ते तीन वर्षांवर आहे तिथे ८८एम, ९२ए किंवा ९२एफ यांपैकी जी जागा असेल ती. तुमचे मालनियोजनाचे काम पाहता ९२ए, म्हणजे स्वयंचलित पुरवठ्याचे काम, मला ८८एमपेक्षा जास्त पटते. जवळपास प्रत्येक तुकडीत त्याची जागा असते, म्हणून क्रॉस-लेव्हलची शक्यताही चांगली, आणि बाहेरच्या नोकरीत अनुभव थेट मोजला जातो. तैनातीची घाई सोडली तर ८८एम हा माझा पहिला प्रेमाचा एमओएस आहे, हे कबूल करतो. पण पाठीचा कणा माझा आज जे बोलतो ते तुम्हाला पन्नाशीत ऐकायचे नसेल तर विचार करा.

मात्र एक गोष्ट कोणाच्याच हातात नाही. तुकडी उपलब्ध वर्षात आहे, तुम्ही फिट आहात, एमओएस जुळतो, आणि त्या वर्षी गरजच निघाली नाही, असे होते. माझ्या शेवटच्या बटालियनच्या दोन कंपन्या तयार होऊन, सामान बांधून बसल्या, आणि त्यांचे काम शेवटच्या क्षणी रद्द झाले. त्यामुळे मुलाचा बेत तैनातीच्या तारखेला बांधू नका. तो बेत तुमचा दोघांचा आहे, तुकडीचे कॅलेंडर वर्षातून तीनदा बदलते.

शेवटी तुम्ही विचारलेला छोटा प्रश्न: नको ती तुकडी मिळाली तर नंतर बदलता येते का? येते. जिथे जायचे आहे तिथे तुमच्या एमओएस आणि हुद्द्याची रिकामी जागा हवी आणि दोन्हीकडच्या कमांडरांच्या सह्या हव्यात; आपल्या तुकडीतल्या रिटेन्शनच्या सार्जंटला गाठा, त्याचे कामच ते आहे. अडचण एकच, बोनस. भरतीच्या वेळी बोनस घेतला असेल तर तो त्या एमओएसला आणि बरेचदा त्या तुकडीलाही बांधलेला असतो, आणि मनाने सोडून गेलात तर उरलेला बुडतो, कधी घेतलेलाही परत मागतात. सहीच्या दिवशी बोनसची पुरवणी वेगळी मागून घ्या, तिच्यावर तुकडीचा क्रमांक छापला आहे का ते पाहा, आणि छापला असेल तर त्याच क्रमांकाच्या तुकडीला आधी एकदा भेट देऊन या.